पुंजू पाटकऱ्याचा कापूर

शके १७९३, माघ शुद्ध द्वितीया. आभाळ कोरडं होतं, थंडी सरत आली होती आणि पश्चिमेचा वारा तिसऱ्या दिवशीही पडला नव्हता.

इतक्या जुन्या गोष्टीची तिथी सहसा कुणाला आठवत नाही. पण कुसवाडे आणि वडाळझर या दोन गावांत ही तिथी आणि त्या दिवसाचा वारा, दोन्ही कुणालाही विचारा, सांगतील. त्या सकाळी कुसवाड्याचा पुंजू पाटकरी गव्हाच्या शेतात उकिडवा बसला होता, आणि त्याला बसवत नव्हतं. उठायचा, चार वाफे चालायचा, वाकून एक ओंबी चोळायचा, परत बसायचा. दाण्यात दूध भरायचे दिवस होते. बोटाला दूध लागायला हवं होतं. लागत होतं ते नुसतं चिकट काहीतरी.

पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी शेतोशेती फिरवणारा माणूस. मोरखडी नदीवर दगडी बंधारा होता, अजून आहे. बंधाऱ्याच्या तोंडाशी लाकडी दार होतं. ते डावीकडे सरकवलं की पाणी वडाळझरच्या पाटात जायचं, उजवीकडे सरकवलं की कुसवाड्याच्या. शेत ज्याचं, त्यानं पाण्याला हात लावायचा नाही, अशी दोन्ही गावांची रीत. पाणी पाटकऱ्यानंच द्यायचं, आणि पाटकरी भूमिहीनच असायचा, म्हणजे कुणाच्या वाफ्यात ते थोडं जास्त सोडावं असा मोह त्याला व्हायला नको. पुंजूकडे एक फावडं होतं आणि दोन पाय होते. अनवाणी वाफ्यात उतरून तो टाच रुतवायचा आणि पाणी पुरलं की नाही ते सांगायचा. जमिनीखालची वीतभर खोल ओल त्याच्या टाचेला कळायची, असं म्हणतात. वडाळझरचे लोक हातभर म्हणतात.

आणि पुंजू बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. त्याच्या आईनं कधी त्याच्या जिभेवर वेखंड उगाळून लावलं, कधी पोपटानं टोचलेला पेरू खाऊ घातला, कधी देवळाच्या घंटेवरून ओतलेलं पाणी पाजलं. वेखंडानं जीभ पोळली, पेरू गोड लागला, बोलणं होतं तसंच राहिलं. मोठेपणी कुणी नवा उपाय सुचवला की पुंजू विचारायचा, "त्यात प-प-पेरू आहे का? असेल तर करू."

तरुणपणी मात्र तो चलाख्या करायचा. जो शब्द अडेल असं वाटे, तो गिळून दुसरा वापरायचा. एकदा पाणी कुणाच्या हरभऱ्याला सोडायचं, असं राखणीवरच्या जागल्यानं विचारलं. नाव होतं तुळशीराम. पुंजूच्या तोंडून 'त' निघेना. म्हणून त्यानं सहज निघेल असं दुसरंच नाव घेतलं. पाणी तिकडे गेलं आणि तुळशीरामचा हरभरा फुलावर असताना करपला. तुळशीराम भला माणूस, त्यानं एक शब्द काढला नाही. पुंजू तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी तो पारावर उभा राहिला आणि म्हणाला, "मी अ-अडखळतो. हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. आजपासून जो शब्द म-मनात, तोच तोंडात. लागेल तेवढा वेळ ल-लागेल."

तेव्हापासून नव्या माणसाला भेटला की तो आधी हेच सांगायचा. "मी प-पुंजू. बोलताना अडतो. घाई असेल तर उद्या या, नसेल तर ब-बसा." आणि मधेच कुणी त्याचा शब्द पुरा केला, तर हात वर करून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. एक तेलाचा व्यापारी बंधाऱ्याची वाट विचारायला आला होता. मोठा उतावळा. पुंजूचा प्रत्येक शब्द तो आपणच पुरा करायचा, पुंजू प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करायचा. सकाळी विचारलेली वाट व्यापाऱ्याला दिवेलागणीला मिळाली आणि तोवर त्याचे बैल आख्खा कडबा संपवून झोपले होते, असं म्हणतात.

आता या वर्षीचं. आजवर नदीला पाणी पुरेसं असायचं, पाळी काटेकोर मोजायची वेळ आली नव्हती; यंदा पाऊस कमी झाला होता. नदी बारीक झाली होती. आणि वडाळझरच्या राघो पाटलांनी दार डावीकडे सरकवून त्याची पाचर आपल्या कमरेला खोचली होती. त्यांचं म्हणणं असं, की आठ दिवसांच्या पाळीत सहा दिवस पाणी वडाळझरचं, दोन दिवस कुसवाड्याचं, असंच ठरलं होतं.

ठरलं होतं ते बारा वर्षांपूर्वी. महापुरानं बंधारा फुटला, दोन्ही गावांनी तीन महिने राबून तो बांधला आणि काम संपलं त्या दिवशी दोन्हीकडची अकरा माणसं उंबराखाली बसून पाण्याची पाळी ठरवून उठली. लिहून ठेवायची रीत नव्हती. बंधाऱ्याजवळ साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवतांचे, शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्यांच्यापुढे बोललं की ते लिहिल्यासारखंच. पुढे पटकीची साथ आली. अकरांतले दहा गेले. उरले ते राघो पाटील. आणि उरला पुंजू, जो त्या दिवशी चार हातांवर चुना मळत उभा होता.

तेव्हा पाळी खरी कुठली, हे सांगणारी साक्ष एकच होती, आणि ती पुंजूच्या जिभेवर होती.

साक्षीचीही रीत होती. आसरांपुढे उभं राहायचं. तळहातावर वडाचं पान, पानावर कापराची एक वडी. वडी पेटली की बोलायला सुरुवात करायची आणि विझायच्या आत पुरं करायचं. बोलणं पुरं व्हायच्या आधी ज्योत गेली, की साक्ष खोटी. जिभेवर आसरा बसतात, खोट्याची जीभ त्या धरून ठेवतात, अशी समजूत. आणि ज्याची साक्ष खोटी ठरली, त्यानं जन्मात पुन्हा पाण्याला हात लावायचा नाही.

कुसवाड्याचे लोक हादरले. साक्षीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी म्हातारे ओंकारआप्पा चार माणसं घेऊन पुंजूच्या झोपडीत आले. पुंजू दारापुढे येरझाऱ्या घालत होता. त्याची बायको कौतिक चुलीपुढे भाकरी थापत होती. ती म्हणाली, "या आप्पा. यांना तेवढं बसवा. सकाळपासून जमीन यांना चटके देतेय."

आप्पा बसले. म्हणाले, "पुंजू, ऐक. हिलालला सगळं सांगून ठेव. त्याची जीभ कशी कातरीसारखी चालते. तो पाठ करील आणि उद्या तुझ्या वतीनं बोलेल."

हिलाल त्या चौघांतलाच, मागे उभा होता. तो खुशीत म्हणाला, "वडी अर्धी जळायच्या आत उरकतो, पुंजूदादा!"

"तू त-त-तिथं होतास का?" पुंजूनं विचारलं.

"नव्हतो. पण—"

"मग तू काय स-सांगणार? मी सांगितलेलं स-सांगशील. ती साक्ष नव्हे हिलाल, तो न-निरोप झाला."

आप्पा जरा पुढे सरकून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "बरं, दुसरं सांगतो. एकादशीच्या भजनात तू कधी अडलास का? एका दमात चार चरण म्हणतोस. अरे, उद्या चालीवर सांग. नियमात कुठं म्हटलंय की गाऊन चालत नाही?"

हे खरं होतं. भजनात पुंजूचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा वाहायचा. सगळे त्याच्याकडे आशेनं बघत राहिले. पुंजूच्या येरझाऱ्या थांबल्या. क्षणभर त्यालाही वाटलं, करावं. किती सोपं. मग त्यानं मान हलवली.

"आप्पा, गाईन तर लोक च-चाल ऐकतील. उद्या राघोतात्या म्हणतील, पुंजूनं गाणं म-म्हटलं. आणि परवा मी बोलायला लागलो की कुणीही म्हणेल, ग-गाऊन सांग, मग ऐकतो. नाही. माझं बोलणं जसं आहे, तसंच उ-उद्या उभं राहील."

"आणि वडी विझली तर?" हिलाल चिडून म्हणाला. "गावाचा गहू तुझ्या हट्टापायी वाळवायचा का?"

पुंजू पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.  लोक उठून गेले. कौतिकनं ताट पुढं सरकवलं. तो घास हातात धरून बसला. ती म्हणाली, "भीती वाटते का?"

"हो."

"बोलण्याची?"

"घ-घाईची," पुंजू म्हणाला. "ज्योत लहान व्हायला लागली, की मी घाई करीन. सोपा श-शब्द घेईन. तुळशीरामच्या वेळी घेतला तसा."

कौतिकनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "सोळा वर्षं ऐकतेय मी तुम्हाला. भाकरी करपली, पण तुमचं बोलणं अर्धं सोडून मी उठले नाही. उद्या मी समोर उभी राहीन. ज्योतीकडं नका बघू. माझ्याकडं बघा."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे माघ शुद्ध द्वितीयेला, सूर्य डोक्यावर यायच्या सुमारास दोन्ही गावं बंधाऱ्यावर जमली. वारा इतका होता की बायांना पदर धरून उभं राहावं लागत होतं. कापूर पेटवायला चार जणांनी घोंगडी आडवी धरली.

आधी राघो पाटील. उंचेपुरे, पांढरंशुभ्र पागोटं, आवाज भरीव. "सहा दिवस वडाळझर, दोन दिवस कुसवाडे. अकरा जणांनी ठरवलं, आसरा साक्षी आहेत." एवढंच, एका दमात. वडी निम्मीसुद्धा जळली नव्हती. पाटलांनी ती फुंकून विझवली आणि वडाळझरच्या लोकांनी माना डोलावल्या.

"आता तुमचा पुंजू," कुणीतरी ओरडलं. "कापराचं पोतं आणलंय ना?" लोक हसले. पुंजूही हसला. म्हणाला, "प-पोतं नको. एक वडी द्या आणि थ-थोडा दम धरा."

तो दगडांपुढे उभा राहिला. पानावर वडी ठेवली गेली, पेटली. पुंजूनं पहिलं वाक्य तेच उच्चारलं जे तो सगळ्यांना सांगायचा. "मी प-प-पुंजू. बोलताना अडतो. ही माझी ब-बोलायची तऱ्हा आहे, आसरांनी धरलेली ज-जीभ नव्हे."

"ज्योत चाललीय," मागून हिलाल कळवळून पुटपुटला. खरंच, यातच वडीचा चौथा हिस्सा गेला होता.

पुंजू सांगू लागला. बंधाऱ्याचं काम संपलं तो दिवस. उंबराची सावली कुठं होती. चुना कुणी चाळला. "अकरा ज-जण बसले. आणि म्हणाले, पाळी आठ दिवसांची. त्यातले वडाळझरला च—"

आणि शब्द अडला.

'चार' हा शब्द. पुंजूचे ओठ ताणले, मानेची शीर वर आली. "च— च—" ज्योत बोटाच्या पेराएवढी उरली. त्याला ठाऊक होतं, 'निम्मे' म्हटलं असतं तर सहज निघालं असतं. निम्मे म्हणजे चारच की. पण त्या दिवशी उंबराखाली कुणी निम्मे म्हटलं नव्हतं. चारच म्हटलं होतं. त्यानं शब्द बदलला नाही.

ओंकारआप्पांच्या ओठांवर 'चार' आलंच होतं. पुंजूनं मोकळा हात वर केला. आप्पांनी तोंड मिटलं. वडाळझरचा कुणी खाकरला, त्याच्याच शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं. पुंजूनं ज्योतीवरची नजर काढली आणि कौतिककडे पाहिलं. ती नुसती उभी होती. भाकरी करपली तरी उठायची नाही, तशी उभी होती.

तेव्हा पश्चिमेचा वारा पडला. घोंगड्या धरणाऱ्यांचे हात आपोआप खाली आले. झाडाचं पान हलेना. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाजही थांबला आणि पाणी काचेसारखं काठावर उभं राहिलं, असं म्हणतात. पानावरची वडी संपली. पान रिकामं झालं. आणि रिकाम्या पानावर ज्योत तशीच उभी राहिली, पेराएवढी, सरळ, पानाला डागसुद्धा न पाडता.

ती किती वेळ उभी होती, याबद्दल एकमत नाही. कुसवाड्याचे लोक म्हणतात, शंभर आकडे मोजून व्हावेत इतका वेळ. वडाळझरचे म्हणतात, तेवढ्यात गाय वासराला पाजून मोकळी झाली.

"—चार," पुंजू म्हणाला. "वडाळझरला चार. आणि कुसवाड्याला च-चार."

तो तिथंच थांबला नाही. आता त्याला घाई नव्हती. बसलेल्या अकरांची नावं त्यानं एकेक करून घेतली. कोण कुठं बसलं, कोण कुणाकडे तोंड करून होतं. प्रत्येक नावाला अडला, प्रत्येक नाव पुरं केलं. सातवं नाव वडाळझरच्या बुधाजीचं. "ब-ब-बुधाजी दगडावर बसले होते. डाव्या पायाला च-चिंधी बांधली होती. दगड पडून नख गेलं होतं. पाळी ठरल्यावर त्यांनीच विचारलं, चारच ना? आणि राघोतात्या म्हणाले, च-चारच."

अकरावं नाव झालं. पुंजूनं ज्योतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "झालं."

ज्योत विझली. वारा सुटला. पाणी पुन्हा पडू लागलं.

 राघो पाटलांनी घसा साफ केला. "आता अशा गोष्टी काय, कुणीही रचून—"

"चिंधी मी बांधली होती," वडाळझरच्या बायांतून आवाज आला. बुधाजीची विधवा सोनाई पुढं आली. ती पाटलांची नात्यानं चुलती लागायची. "माझ्याच लुगड्याची. नख निघालं, हे त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटायची त्यांना. त्यांना तिथं बसलेलं पाहिल्याबिगर हे कुणाला कळणार, राघो? घरी आल्यावर जेवताना ते मला म्हणाले, चार-चार ठरलं, बरं झालं. मी आजवर गप्प बसले. पाणी आपल्याच शेतात येत होतं ना."

"काकी, तुम्ही घरात जा," पाटील म्हणाले.

"जाते की. आधी तू त्याच्यासारखी नावं घे. अकरा. कोण कुठं बसलं, सांग. तुझी जीभ तर अडत नाही."

 राघो पाटलांनी पुंजूच्या हातातलं पान मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. हिरवंच होतं. त्यांनी कमरेची पाचर काढली आणि पुंजूच्या पुढ्यात धरली.

"साताठ वर्षं गावात सहा-दोन म्हणतोय," ते म्हणाले. "मलाच खरं वाटायला लागलं होतं. घे. दार तूच सरकव."

"त-तात्या," पुंजू म्हणाला, "चार दिवस तुमचेही आहेत. ते मी म-मोजूनच देईन."

"ठाऊक आहे," पाटील म्हणाले. "बोलत बसू नकोस आता. वाळतोय तुमचा गहू." आणि मग जीभ चावून, सगळ्यांच्या देखत, ते उंबराखाली दगडावर बसले. "नाही, चुकलो. बोल. काही राहिलं असेल तर पुरं बोल."

पुंजूचं काही राहिलं नव्हतं. तो दाराकडे पळत गेला.

तिसऱ्या प्रहरी पाणी कुसवाड्याच्या पाटात आलं. पुंजू त्याच्या पुढे पुढे धावत होता, वाफा फोडत होता, टाच रुतवत होता, पुढचा फोडत होता. त्यानं चार दिवस पाठ टेकली नाही. त्याच्या टाचांचे ठसे पाटाच्या काठच्या खडकात उमटले आणि अजून दिसतात, असं म्हणतात. खडकात खळगे आहेत, एवढं खरं. कुसवाड्याचा नव्वद बिघे गहू होता. एकाहत्तर बिघे भरला, एकोणीस वाळला. वाळलेल्यांत हिलालचे तीन बिघे होते. हिलाल आठ दिवस पुंजूशी बोलला नाही. नवव्या दिवशी येऊन म्हणाला, "दादा, तू गायला असतास तर ज्योत उभी राहिली असती का रे?" पुंजू म्हणाला, "म-मला काय माहीत. मी गायलोच नाही ना."

पुढे पुंजू सव्वीस वर्षं दोन्ही गावांचा पाटकरी होता. वडाळझरनं आपला पाटकरी काढून त्यालाच मागून घेतलं. तो अखेरच्या दिवसापर्यंत अडखळत बोलला. त्याच्या मागे त्याचं फावडं दोन्ही गावांनी मागितलं, आणि कौतिकनं ते कुणालाच दिलं नाही, स्वतः वापरलं.

बंधाऱ्यावर आता सिमेंट आहे आणि दार लोखंडी आहे. पण माघ शुद्ध द्वितीयेला दोन्ही गावं तिथं जमतात आणि वर्षाची पाळी ठरवतात. जो बोलायला उठतो, त्याच्या हातावर वडाचं पान देतात, पानावर कापूर पेटवतात आणि शेजारी एक माणूस वड्यांचा डबा घेऊन उभा राहतो. एक वडी संपत आली की तो दुसरी ठेवतो. बोलणारा स्वतः 'झालं' म्हणेपर्यंत तो ठेवत राहतो, आणि तोवर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. याला पुंजूचा कापूर म्हणतात. गावात कुणी अडखळत बोलणारं असेल, बाई असो की पुरुष, तर पहिलं पान त्याला मिळतं.

गेल्या वर्षी पहिलं पान वडाळझरच्या एका सुनेला मिळालं. तिच्या बोलण्याला नऊ वड्या लागल्या. पाटाची तिच्या शेताकडची कडा फुटली आहे, असं तिचं म्हणणं होतं. सभा पावणेतीन तास चालली, एकूण सदतीस वड्या जळल्या. कडा दोन्ही गावांनी मिळून पौर्णिमेच्या आत बांधायची ठरली. पाळी चार दिवस वडाळझर, चार दिवस कुसवाडे, अशीच राहिली.